खोली रिकामी करण्यापूर्वी: पालिका मंडळाला खुले पत्र

प्रति,
माननीय नगराध्यक्ष, मुख्याधिकारी आणि सर्व नगरसेवक यांस,

सादर नमस्कार.

दोन महिन्यांपूर्वीच्या सर्वसाधारण बैठकीत आपण एक ठराव संमत केला. बाजारामागच्या पालिकेच्या जुन्या गोदामातील दोन खोल्या रिकाम्या करून घ्याव्यात आणि गोदामासह शेजारचा मोकळा भूखंड खाजगी भागीदारीतून व्यापारी संकुल व वाहनतळ उभारण्यासाठी द्यावा, असा तो ठराव आहे. त्या खोल्यांत पाळणाघर आणि मदत केंद्र चालवणाऱ्या आम्हां भाडेकरूंना ठरावाची प्रत कोणी दिली नाही; माहिती अधिकारात अर्ज करून ती मिळवावी लागली. गेल्या सोमवारी सकाळी खोल्यांच्या दारावर तीस दिवसांची नोटीस चिकटवलेली दिसली. ठरावात खोल्यांना ‘अनधिकृत वापरातील जागा’ आणि भूखंडाला ‘विनावापर पडून असलेली जमीन’ म्हटले आहे. हे दोन्ही शब्दप्रयोग मला मान्य नाहीत. ते का मान्य नाहीत, हे आपल्याबरोबर शहरातल्या सर्व नागरिकांनाही कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

मी मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात बसून लोकांचे अर्ज टाइप करून देते. या कामाला एकतीस वर्षे झाली. निवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, प्रतिज्ञापत्र, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यासाठीचा अर्ज, मुंडकार नोंदणीचा अर्ज, हे सगळे माझ्या हातांखालून जाते, आणि कोणता अर्ज कोणत्या कागदापाशी अडतो हे मला अर्जदाराचा चेहरा पाहूनही सांगता येते. लग्न होऊन पेडण्याहून गोव्यातल्याच या शहरात आले तेव्हापासून मी भाड्याच्या खोलीत राहते. याच वाड्यात, म्हणजे बाजारामागच्या वस्तीत, आतापर्यंत तीन वेळा बिऱ्हाड हलवले आहे. संध्याकाळी कचेरी सुटली की मी गोदामातल्या त्या खोलीत जाऊन बसते आणि दिवसभर जे काम पैसे घेऊन करते तेच तिथे पैसे न घेता करते. त्यामुळे या प्रश्नात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या केंद्राला एखादे नाव द्यावे असे अनेकदा ठरले, पण वाड्यात सगळे त्याला नुसते ‘खोली’ म्हणतात आणि तेच नाव रूढ झाले. पहिल्या खोलीत पाळणाघर आहे. पहाटे साडेपाचला तिचे दार उघडते, कारण भाजी आणि मासळी विकणाऱ्या बायकांना गाडीतून माल उतरवून घ्यायला सहाच्या आत बाजारात पोचावे लागते आणि अंगणवाडी उघडेपर्यंत त्यांचा निम्मा धंदा होऊन गेलेला असतो. भिंतीला खिळे ठोकून एक सुतळी ताणली आहे. तिच्यावर प्रत्येक मुलाची कापडी पिशवी टांगलेली असते आणि अक्षर न येणाऱ्या आयांनाही आपली पिशवी ओळखता यावी म्हणून प्रत्येक पिशवीवर रंगीत धाग्याने एकेक खूण विणली आहे: कुणाचा पतंग, कुणाचा मासा, कुणाची छत्री. संध्याकाळी हीच खोली अभ्यासाची होते. दहा बाय दहाच्या बिऱ्हाडात दूरदर्शन संच, स्वयंपाक आणि आजारी आजोबा एकत्र असताना दहावीचे मूल अभ्यास कुठे करणार, हा प्रश्न ज्यांना पडला त्यांनीच तिथली बाके गोळा करून आणली.

दुसऱ्या खोलीत एक टेबल, दोन बाके आणि पत्र्याची एक मोठी ट्रंक आहे. ट्रंकेत वाड्यातल्या भाडेकरूंच्या कागदपत्रांच्या फाइली आहेत. गोव्याच्या पावसाळ्यात कौलांखालून कुठे गळेल याचा भरवसा नसतो आणि अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलणार असेल तर कागद हरवायला वेळ लागत नाही. म्हणून लोक जन्मदाखले, शाळा सोडल्याचे दाखले, लसीकरणाची कार्डे, पतसंस्थेची पुस्तके आमच्याकडे ठेवून जातात. याच खोलीत आमचा अनामत निधीही चालतो. जागा मिळताना गरिबाचे अडते ते बहुतेक वेळा भाड्यापाशी अडत नाही, डिपॉझिटपाशी अडते. महिन्याचे भाडे तो कसेही करून भरतो, पण पाच-सहा महिन्यांचे भाडे एकदम कुठून आणणार? बचत गटाच्या खात्यात आम्ही थोडे थोडे करून एक रक्कम साठवली आहे. तिच्यातून डिपॉझिटपुरती उचल दिली जाते आणि ती दरमहा हप्त्याने परत येते. आजवर एकही उचल बुडालेली नाही. ही यादी मी स्वतः लिहिते, म्हणून हे खात्रीने सांगू शकते.

आता ‘अनधिकृत’ या शब्दाकडे येते. 2011 साली तेव्हाच्या पालिका मंडळाने रीतसर पत्र देऊन या दोन खोल्या आम्हांला नाममात्र मासिक शुल्कावर वापरायला दिल्या. शुल्काच्या 2019 पर्यंतच्या पावत्या आमच्याकडे आहेत. त्यानंतर ‘करार नूतनीकरणासाठी वर गेला आहे’ असे सांगून कार्यालयाने शुल्क घेणे थांबवले. आम्ही चार वेळा नूतनीकरणाचे अर्ज केले. चारही अर्जांवर आवक विभागाचा शिक्का आहे आणि एकाचेही उत्तर आलेले नाही. ज्यांनी शुल्क घ्यायचे त्यांनीच ते घेतले नाही आणि ज्यांनी उत्तर द्यायचे त्यांनी ते दिले नाही. अशा स्थितीत आम्ही आपोआप अनधिकृत कसे ठरलो, याचा खुलासा ठरावात नाही. ठरावाआधी आमचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, जागेची पाहणीसुद्धा झाली नाही. कोणी एकदा आत डोकावले असते तरी ‘विनावापर’ हा शब्द लिहिताना त्यांचा हात थांबला असता, असे मला मनापासून वाटते.

भूखंडाची गोष्ट याहून जुनी आणि मला अधिक लागलेली आहे. अल्प उत्पन्नाच्या भाडेकरू कुटुंबांसाठी पालिकेने स्वतः लहान सदनिका बांधाव्यात आणि त्या परवडणाऱ्या भाड्याने द्याव्यात, असा ठराव याच पालिकेने 2013 मध्ये केला होता. पालिकेची माणसे वाड्यात आली, घरोघरी माहिती घेतली आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या चौकटीवर लाल तैलरंगाने क्रमांक टाकून गेली. तेव्हा माझ्या दारावर 17 हा आकडा पडला. नंतर मी जागा बदलली. त्या खोलीत आता दुसरे कुटुंब राहते, चौकटीला दोनदा नवा रंग दिला गेला, तरी पावसात ओल आली की 17 खालून उमटतो. त्या सर्वेक्षणाचे पुढे काय झाले, हे कोणत्याही बैठकीच्या इतिवृत्तात सापडत नाही. जमीन विनावापर राहिली, कारण ज्या वापरासाठी ती राखली होती तो वापर पालिकेने सुरूच केला नाही. स्वतःच्या विलंबाला जमिनीचा दोष मानून आता ती दुसऱ्यालाच देऊन टाकणे न्याय्य आहे का, याचे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे.

या ठिकाणी थोडे मागे जाऊन बोलावे लागेल, कारण आमचा प्रश्न एका गोदामापुरता नाही. गोव्यात घराचे संरक्षण करणारे कायदे आहेत आणि त्यांचा मला अभिमान आहे. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना 1975 मध्ये आलेल्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला घरातून कोणी उठवू शकणार नाही, अशी हमी दिली आणि घराखालची जमीन विकत घेण्याचा हक्कही दिला. माझ्या माहेरचे घर त्याच कायद्याने टिकले. पण मुंडकाराच्या व्याख्येतून भाडे देऊन राहणारा माणूस वगळलेला आहे. त्यानंतर 2016 चा अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा कायदा आला, आणि 2025 च्या पावसाळी अधिवेशनात सरकारी व कोमुनिदादच्या (गावच्या सामाईक मालकीच्या) जमिनींवर 28 फेब्रुवारी 2014 पूर्वी उभ्या राहिलेल्या घरांना नियमित करण्याच्या दुरुस्त्या झाल्या. ज्यांची घरे त्यामुळे वाचतील त्यांच्याबद्दल मला आनंद आहे. त्यांचेही अर्ज मीच टाइप करते. मात्र त्या घरांत भाड्याने राहणाऱ्यांना यातले काहीच मिळत नाही. ज्याने परवानगी न घेता बांधले त्याला मार्ग सापडतो, आणि ज्याने काहीच बांधले नाही, दर महिन्याच्या पाच तारखेला भाडे मोजले, त्याच्यासाठी कोणताही अर्जाचा नमुना माझ्या टेबलावर नाही.

भाडेकरूसाठी 1968 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, असे कोणी म्हणेल. त्या कायद्याने जुन्या भाडेकरूला संरक्षण दिले हे खरे. पण त्याच कायद्याच्या भीतीने आजचा घरमालक कागदावर सही करायला धजत नाही, हेही तितकेच खरे आहे. मग अकरा महिन्यांचा ‘लीव्ह अँड लायसन्स’ करार होतो, तोही नशीब असेल तर. नाहीतर तोंडी व्यवहार. 2024 मध्ये भाडेकरूंच्या पडताळणीचा कायदा आला आणि घरमालकांवर भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी आली. त्या अर्जाने पोलिसांना माहिती मिळते, भाडेकरूच्या हाती मात्र करार येत नाही. केंद्र सरकारने 2021 मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक डिपॉझिट घेऊ नये, आणि वाद झाला तरी पाणी व वीज तोडू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. हा राज्याच्या अखत्यारीतला विषय आहे, आपल्या नव्हे, याची मला जाणीव आहे. तरीही हे लिहिले, कारण कायद्याने न भरलेली पोकळी 2011 पासून एका गोदामातल्या दोन खोल्या आपल्या परीने भरत आल्या आहेत.

कागद नसल्याने काय होते, ते एका उदाहरणावरून सांगते. बाजारात पालेभाजी विकणारी एक मावशी गृहिणींना दरमहा मदत देणाऱ्या गृह आधार योजनेच्या अर्जासाठी आमच्याकडे आली. या योजनेसाठी गोव्यातील पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते. निराधार व वृद्धांना मदत देणाऱ्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेलाही तेच लागते. मावशी या शहरात एकोणीस वर्षे राहते, पण कागदावर तिची चारच वर्षे होती, कारण त्याआधीच्या पाच बिऱ्हाडांपैकी एकाही मालकाने करार केला नव्हता आणि वीजबिल कायम मालकाच्या नावावर येत होते. मी आधीच्या एका मालकाकडे ना हरकत पत्रासाठी तिच्याबरोबर गेले. माणूस वाईट नव्हता. त्याने चहा दिला आणि सांगितले की सही केली तर उद्या तुम्ही हक्क सांगाल. परत येताना मावशीने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दाखवला. त्यात सोपोच्या पावत्या होत्या, वर्षानुवर्षांच्या, रबराने बांधून ठेवलेल्या. बाजारात बसण्यासाठी पालिकेला रोज दिलेल्या पैशांचा तो हिशेब होता. प्रत्येक पावतीवर तारीख होती, रक्कम होती, पालिकेचे नाव होते. तिचे नाव मात्र एकाही पावतीवर नव्हते. आम्ही शेवटी मुलीच्या शाळेच्या नोंदवहीतला उतारा, आरोग्य केंद्राचे लसीकरण कार्ड आणि गॅसचे पुस्तक जोडून तो अर्ज उभा केला. सात महिने लागले. हे काम उद्यापासून कोण करणार, याचा विचार ठराव करताना झाला का?

हीच अडचण इस्पितळापाशीही येते. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेच्या कार्डासाठी पाच वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि कार्ड नसेल तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात माणूस दाखल झाल्यावर नातेवाइकांची धावपळ सुरू होते. 2021 च्या सप्टेंबरमध्ये महिन्याला सोळा हजार लिटर पाणी मोफत देण्याची योजना आली तेव्हा वाड्यात मोठा आनंद झाला होता. आमच्या चाळीत आठ बिऱ्हाडांना मिळून एकच मीटर आहे. आठ घरांचे पाणी एका मीटरवर मोजले की सोळा हजारांची मर्यादा पहिल्याच आठवड्यात ओलांडली जायची. बंगल्यात राहणाऱ्या दोघांना पाणी फुकट मिळाले आणि आम्ही आठ घरांनी बिल वाटून घेतले. योजना करणाऱ्यांच्या मनात वाईट हेतू नव्हता. त्यांच्या डोळ्यांसमोर भाडेकरूची चाळच नव्हती.

बैठकीत एका सदस्यांनी ‘हे लोक बाहेरचे आहेत’ असे म्हटल्याचे इतिवृत्तात आहे. त्यांचे नाव मी इथे घेत नाही. मला फक्त आमची चाळ सांगायची आहे. एका बिऱ्हाडात डिचोलीचे कुटुंब आहे. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा घरातला ट्रक बँकेने ओढून नेला आणि ते शहरात आले. एक घर सत्तरीचे, एक माझे पेडण्याचे. दोन कुटुंबे सिंधुदुर्गातली, दोन उत्तर कर्नाटकातली, आणि एक आजी, जिचा जन्मच या वाड्यात झाला. चवथीला आम्ही आपापल्या गावी जातो आणि ज्यांना गाव उरले नाही त्यांना कोणी ना कोणी बरोबर नेतो. उत्तर कर्नाटकातल्या कुटुंबातली मुले मराठी शाळेत शिकतात, आणि पहाटे आपल्या शहराचे रस्ते झाडणाऱ्यांत त्यांचे वडील असतात. शहराला यांचे हात चालतात, तर त्या हातांना रात्री टेकायला जागा लागते, हे मान्य करायला कुणाचे मूळ गाव विचारण्याची गरज नसावी.

जागाच नाही, असे आम्हांला सांगितले जाते. 2011 च्या जनगणनेत गोव्यातल्या दर पाच घरांपैकी जवळपास एक घर रिकामे नोंदले गेले होते आणि राज्याची बासष्ट टक्के लोकसंख्या शहरी भागांत होती. त्यानंतर मोपाचा विमानतळ झाला, डिसेंबर 2022 मध्ये त्याचे उद्घाटन झाले, आणि पेडणे व बार्देशात जमिनीला नवा भाव आला. आमच्या वाड्याच्या वरच्या रस्त्यावर जुन्या चिऱ्यांच्या तीन घरांत पूर्वी भाडेकरू राहत. आता तिथे दारावर आकड्यांचे कुलूप आहे, पर्यटक दिवसाच्या भाड्याने येतात आणि आठवड्यातले चार दिवस घर बंद असते. घरमालकाने आपल्या मिळकतीचे काय करावे हे मी सांगू शकत नाही. पण पर्यटकांना जागा देणाऱ्या घराची 1982 च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी व्हायला हवी, आणि व्यापारी वापर असेल तर घरपट्टी त्याप्रमाणे आकारली जायला हवी. यातले किती घडते, याची तपासणी पालिका करू शकते. त्या वाढीव घरपट्टीतून परवडणाऱ्या घरांसाठी निधी उभा राहू शकतो. हा उपाय मी शोधून काढलेला नाही. आमच्या खोलीत अभ्यासाला येणाऱ्या एका महाविद्यालयीन मुलाने तो वहीत हिशेब मांडून समजावला.

वाहनतळाची गरज मी नाकारत नाही. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यावरून रुग्णवाहिका जाऊ शकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि पालिकेला उत्पन्न हवे हेही मला समजते. परंतु तळमजल्यावर वाहने आणि वरच्या मजल्यांवर लहान भाड्याच्या सदनिका, अशी रचना त्या भूखंडावर शक्य आहे का, हे एकदा तरी तपासले गेले का? ठरावाला जोडलेल्या टिपणीत फक्त गाळे आणि वाहने मोजली आहेत. सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी 2.0 मध्ये परवडणाऱ्या भाडेघरांचा स्वतंत्र घटक आहे. आजवर घरकुलाच्या बहुतेक योजना ज्याच्याकडे स्वतःची जमीन आहे किंवा बँकेचे कर्ज मिळण्याइतका पगार आहे त्याच्याच उपयोगाच्या ठरत. भाजीवालीला यातले काहीही नसते. भाडेघरांच्या घटकात तिला जागा आहे, आणि त्यासाठी सर्वांत आधी लागते ती सार्वजनिक मालकीची, बाजाराजवळची, कामापासून चालत जाता येईल अशी जमीन. ती आपल्याकडे आज आहे. एकदा दीर्घ मुदतीच्या करारावर गेली की ती आपल्या हयातीत परत येणार नाही. गृहनिर्माण मंडळाने पर्वरी, मडगाव अशा ठिकाणी वसाहती उभारल्या तेव्हा जमीन मिळत होती. यापुढे बाजारभावाने घेऊन गरिबासाठी घर बांधणे कोणत्याही पालिकेला जमणार नाही.

हे काम आपले नव्हेच, असेही उत्तर मला एका कार्यालयात मिळाले. 1992 च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांकडे सोपवता येतील असे अठरा विषय दिले आहेत. दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण, झोपडपट्टी सुधारणा आणि शहरी दारिद्र्य निवारण हे त्यांतलेच विषय आहेत. व्यापारी संकुल हा स्वतंत्र विषय म्हणून त्या यादीत मला कुठे सापडला नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

एक: दोन्ही खोल्या रिकाम्या करण्याची नोटीस मागे घ्यावी आणि 2019 पासून प्रलंबित असलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांवर लेखी निर्णय द्यावा. थकीत शुल्क जेवढे होईल तेवढे भरायला आम्ही तयार आहोत. त्यासाठी वर्गणी सुरूही केली आहे.

दोन: भूखंडाची निविदा काढण्यापूर्वी 2013 चा ठराव, त्या वेळचे सर्वेक्षण आणि आताच्या प्रकल्पाची टिपणी नागरिकांसमोर ठेवावी, आणि बाजाराला सुट्टी असेल अशा दिवशी, संध्याकाळी, जाहीर सुनावणी घ्यावी. दुपारी तीनच्या सुनावणीला आमच्यापैकी कोणीही येऊ शकत नाही, कारण तेव्हा सगळे कामावर असतात.

तीन: भूखंडावर काहीही बांधले तरी त्यात परवडणाऱ्या भाड्याच्या सदनिकांचा ठरावीक हिस्सा असावा, त्या पालिकेच्याच मालकीच्या राहाव्यात, विकल्या जाऊ नयेत, आणि त्यांचे वाटप चिठ्ठ्या टाकून जाहीरपणे व्हावे. कोणाच्या शिफारशीने एकही सदनिका देऊ नये, आमच्या शिफारशीनेही नाही. पाळणाघर आणि मदत केंद्राची जागा आराखड्यातच दाखवावी. बांधकाम चालू असेल त्या काळात याच प्रभागात पर्यायी जागा द्यावी. मूल कडेवर, भाजीची टोपली डोक्यावर आणि पाळणाघर दोन किलोमीटरवर असेल तर त्याचा उपयोग नाही. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीतील ‘पाळणा’ योजनेत पाळणाघरांसाठी तरतूद आहे. पालिका महिला व बाल विकास खात्याशी बोलली तर आम्ही लागेल तो तपशील देऊ.

चार: सोपोच्या पावतीवर विक्रेत्याचे नाव किंवा नोंदणी क्रमांक छापावा. या मागणीला फारसा खर्च येत नाही. कृपया ती इतरांच्या मागे ढकलू नये.

पाच: प्रभागातल्या भाडेकरूंची नोंद पालिकेने स्वतः ठेवावी आणि जो भाडेकरू मागेल त्याला वास्तव्याची पोचपावती द्यावी. मालकी हक्काशी तिचा काही संबंध नाही, असे तिच्यावर स्पष्ट लिहावे, म्हणजे घरमालकांची भीतीही जाईल.

हे पत्र लिहिताना मी कोणावर आरोप करायचे टाळले आहे. आपल्यापैकी अनेकांना मी ओळखते. काहींच्या उमेदवारी अर्जांची प्रतिज्ञापत्रे माझ्याच टेबलावर टाइप झाली आहेत आणि एका नगरसेविका लहानपणी आमच्या शेजारच्या चाळीत राहत होत्या. आपण वाईट माणसे आहात म्हणून हा ठराव झाला, असे मला वाटत नाही. तो न पाहता झाला, असे वाटते, आणि म्हणून मी आपल्याला पाहायला बोलावते आहे.

नोटिशीची मुदत संपण्यापूर्वी पालिकेची आणखी एक बैठक आहे. त्या दिवशी आम्ही कार्यालयासमोर शांतपणे उभे राहू. घोषणा नसतील, पाळणाघरातल्या मुलांना आणणार नाही. प्रत्येक कुटुंबातले एक माणूस आपल्या कागदांची फाइल हातात घेऊन येईल आणि बैठक संपेपर्यंत थांबेल. त्याआधी कोणत्याही सकाळी आपण खोलीत येऊ शकता. दार साडेपाचला उघडते. ट्रंकेची किल्ली माझ्याकडे असते. आपण यायचे कळवल्यास मी कचेरीत जाण्याआधी तिथे थांबेन आणि 2011 चे पत्र, पावत्या आणि शिक्के असलेले चारही अर्ज आपल्यासमोर ठेवीन.

आपली विश्वासू,
बाजारामागच्या वाड्यातील एक भाडेकरू,
खोलीची कार्यवाह